वर्गाबाहेरच्या काकू

काकूंना एका जागी स्वस्थ बसता येत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं तसं लवकरच फिरतं. महाविद्यालयाच्या विद्यार्थी कल्याण कक्षातली बाई म्हणजे शांत आणि गोडबोली असणार, असं लोकांना वाटतं. मी दोन्ही नाही. अपंग मुलांसाठी उतार बांधून घ्यायचा तर कंत्राटदाराच्या मानगुटीवर बसावं लागतं. परीक्षेत जास्तीचा वेळ हवा तर परीक्षा विभागाशी तोंड वाजवावं लागतं. गोड बोलून आमच्याकडे साधा बल्बसुद्धा बदलून मिळत नाही.

तर काकू. माझ्या खोलीसमोर लांबलचक व्हरांडा आहे आणि त्यात भिंतीला लागून एक लाकडी बाक. अर्थशास्त्राचे वर्ग त्याच मजल्यावर भरतात. काकूंचा मुलगा वर्गात आणि काकू बाकावर, असं रोजचं. बसायच्या म्हणजे काय, नुसत्या टेकायच्या. लगेच उठून सूचनाफलकावरच्या वाकड्या टाचण्या सरळ करायच्या. मग खिडकीची कडी लावून बघायच्या, पुन्हा काढायच्या. मग वर्गाच्या दारापाशी जाऊन कान द्यायचा. प्राध्यापक बाहेर बघू लागले की पदर सावरत परत बाकावर. एखाद्या मुलाच्या पिशवीचा पट्टा उसवलेला दिसला तर झालंच. "थांब रे, दे इकडे," म्हणत पर्समधून सुईदोरा निघायचा आणि ते पोरगं तासाला उशिरा पोचायचं.

"काकू, बसा हो जरा. मला बघूनच दम लागतो," मी एकदा ओरडले.

"बसलेच तर आहे," त्या उभ्या राहून म्हणाल्या.

कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी बरीच वर्षं काजं-बटणं केली होती. हाताला विसावा माहीतच नव्हता. मुलाला आमच्याकडे प्रवेश मिळाला, तसं त्यांनी काम सोडलं आणि बाक धरला. नवरा बेकरीत पहाटेच्या भट्टीवर. तो दुपारी झोपायचा आणि नवराबायकोची गाठ आठवड्यातून एकदाच काय ती पडायची. "बरंय, भांडायला वेळच नाही," असं काकू सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या.

मुलाचं नाव वर्गातल्या पोरांनी ठेवलं होतं नवाब. चाकांच्या खुर्चीतून यायचा, नेहमी उशिरा, आणि आला की पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना उठून वाट द्यावी लागायची. जन्मताना प्राणवायू कमी पडला होता. हातपाय आपल्या मनाने वळायचे. जीभही तशीच. डोकं मात्र असं चालायचं की समोरच्याची भंबेरी उडावी. बोलताना मान एका बाजूला ओढली जायची, शब्द घशातून लांबत यायचे, मधले निम्मे कुठेतरी सांडायचे. फोनमध्ये लिहिलेलं मोठ्याने वाचणारी सोय होती, पण एकेक अक्षर दाबायला त्याला फार वेळ लागायचा. शिवाय त्यातल्या बाईच्या आवाजाचा त्याला भयंकर राग. "ती बाई मेलेल्या माणसासारखी बोलते," असं त्याने तिच्याच तोंडून मला ऐकवलं होतं.

त्यामुळे त्याचं बोलणं काकू सांगायच्या. तो बोलायचा, सगळे काकूंकडे बघायचे, काकू सांगायच्या, सगळे माना डोलवायचे. मीसुद्धा त्यांच्याकडेच बघायचे. कामाचा ढीग पडलेला असताना कुठे ताटकळत बसता, त्यापेक्षा काकूंना विचारलेलं बरं.

फक्त एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात यायला लागली. नवाबाचं एक वाक्य काकूंच्या तोंडून बाहेर पडताना चार वाक्यांचं व्हायचं. नाकापेक्षा मोती जड. तो तुटक काहीतरी म्हणायचा आणि काकू सांगायच्या, "सर, तो म्हणतोय की तुम्ही फार मनापासून शिकवता, त्याला सगळं समजतं, फक्त फळ्यावरचं जरा मोठं लिहाल का." विभागप्रमुखांना हे ऐकून इतकं बरं वाटलं की त्यांनी सगळ्यांसमोर नवाबाच्या पाठीवर थाप मारली. नवाब खुर्चीतून घसरेपर्यंत हसला. आनंदाने हसतोय असं सरांना वाटलं.

ते गेल्यावर मी काकूंना गाठलं. "खरं सांगा, तो काय म्हणाला होता?"

काकू सूचनाफलकाकडे बघायला लागल्या. "म्हणाला, झोप येते."

मी कपाळावर हात मारला. "अहो, मग तसं सांगायचं ना!"

"असं कसं सांगू? मास्तर आहेत ते. उद्या गुण द्यायचेत त्यांनी. तुमचं काय जातं म्हणायला!"

यात हसण्यासारखं होतं आणि मी हसलेही. पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी याच सवयीने घोटाळा केला. तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा असतो. कुणी बाहेर फिरून माहिती गोळा करतं, कुणी ग्रंथालयात बसून. विभागप्रमुखांनी नवाबाला विचारलं, तू काय करणार? नवाब बोलला. काकू म्हणाल्या, "ग्रंथालयात बसून करीन म्हणतोय, सर." सरांनी तसं लिहून घेतलं. नवाब ओरडायला लागला, हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. सर म्हणाले, "उत्साही आहे हो मुलगा," आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नवाब एकटाच माझ्या खोलीत आला. खुर्ची स्वतः ढकलत, दाराच्या चौकटीला दोनदा धडकत. आईला त्याने खालच्या मजल्यावर पाण्याची बाटली भरायला पाठवलं होतं. तो बोलला. मला कळलं नाही. मी सवयीने दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

"परत सांग," मी म्हटलं.

त्याने परत सांगितलं. मला 'आई' एवढाच शब्द लागला. मला चीड आली, त्याची नव्हे, माझीच. मी दार लावून घेतलं, फोनची घंटा बंद केली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. चुकीचं ऐकलं की तो मान झटकायचा, बरोबर ऐकलं की डोळे मिटायचा. घामाघूम झालो दोघंही. शेवटी वाक्य जुळलं. "मला बाहेर फिरून करायचंय. आईला भीती वाटते. तिने तिची भीती माझ्या तोंडात घातली."

मग मी तशीच उठून विभागप्रमुखांकडे गेले आणि ते बदलून घेतलं.

काकूंना हे कळलं तेव्हा त्या माझ्यावर भडकल्या. "रस्त्याचं तुम्हाला काय माहीत? पडला म्हणजे उचलणार कोण? तुम्ही?" नवाबाने त्यानंतर कितीतरी दिवस आईशी अबोला धरला. काकू बाकावर यायच्या, पण टाचण्यांना हात लावायच्या नाहीत. मला ते बघवेना. टाचण्या तरी सरळ करा हो, असं सांगावंसं वाटायचं.

त्याचा प्रकल्प होता जुने मोबाइल दुरुस्त करणाऱ्या दुकानांवर. एवढ्याशा गाळ्यात धंदा कसा चालतो, सुटे भाग कुठून येतात, दुकानदार भाव कसा ठरवतो. आठवड्यातून दोनदा तो बाजाराच्या गल्लीत जायचा. काकू खुर्ची ढकलत न्यायच्या, पण त्यांनी कोपऱ्यावर थांबायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. एकदा मीही बरोबर गेले. दुकानदार म्हणजे एकेक नमुना. डोळ्याला भिंग लावलेलं, हातात पकड, समोर गिऱ्हाईकांची रांग. नवाबाने प्रश्न विचारला. दुकानदार वर न बघता म्हणाला, "काय? समजलं नाही. परत बोल." नवाब परत बोलला. "अजून नाही. सावकाश बोल की, गाडी सुटतेय का तुझी?" माझं रक्तच तापलं. मी पुढे होणार, एवढ्यात बघते तर नवाब हसतोय. तिसऱ्यांदा बोलला. "हां! पडद्याचा भाव होय! असं म्हण ना," आणि दुकानदाराने त्याला सगळं सांगितलं, वर गाळ्याच्या मालकाला शिव्याही घातल्या.

परतताना नवाब मला म्हणाला, आणि हे मला दोनदा विचारून कळलं, "ही माणसं बरी. तुमच्याकडे सगळे मान डोलवतात."

कोपऱ्यावर काकू येरझारा घालत होत्या. पायात भिंगरी. "काय झालं? हसताय का? कोण काय म्हणालं त्याला?" मी त्यांना सगळं सांगितलं, दुकानदाराचं 'समजलं नाही' आणि 'परत बोल'सुद्धा.

प्रकल्प पुरा झाला. आता राहिली तोंडी परीक्षा. बाहेरगावच्या एका मोठ्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी त्याने अर्ज केला होता आणि त्यांनी जागा देऊ केली होती, पण या परीक्षेत चांगले गुण पडले तरच. तिथल्या वसतिगृहात चाकांच्या खुर्चीला चालेल अशी खोली होती, मदतीला माणूस होता. नातेवाईकांना मात्र राहायला परवानगी नव्हती. म्हणजे गुण पडले की नवाब जाणार आणि काकू इथेच राहणार. नाही पडले तर दोघंही इथेच, हा बाक आणि तो वर्ग.

परीक्षेत दुसऱ्याने बोलणं समजावून सांगायची सोय मिळते, फक्त ती व्यक्ती नात्यातली नको. मी दोन माणसं शोधून आणली. नवाबाने दोघांनाही परत पाठवलं. "माझं मी बोलेन. वेळ दुप्पट द्या." मी वेळ दुप्पट करून घेतला. भांडले, पण घेतला.

"जमेल ना गं त्याला?" काकू आता मला अगं-तुगं करायला लागल्या होत्या. रोज विचारायच्या. मी "जमेल" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "सांगता येत नाही" म्हटलं तरी उतरायचा. एकदा मी वैतागून विचारलं, "काकू, तुम्हाला नक्की हवंय तरी काय? त्याने जावं की राहावं?"

"मला मेलीला कळलं असतं तर तुला विचारलं असतं का?" त्या म्हणाल्या. "दिवसा वाटतं जावं. घरी त्याला भरवायला बसले की वाटतं, कोण भरवेल याला तिकडे."

परीक्षेच्या दिवशी नवाब पांढरा शर्ट घालून आला होता. आत जाताना त्याने आईकडे बघून एकच शब्द काढला आणि तो मलाही कळला. "बाहेर." काकूंनी मान हलवली. दार बंद झालं. आत विभागप्रमुख आणि बाहेरून आलेले परीक्षक, पिकल्या केसांचे, अतिशय सभ्य गृहस्थ. मला ते सभ्य वाटले तिथेच माझं मन धास्तावलं.

काकू बसल्या, उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या. मी माझ्या खोलीत कागद उलटे धरून वाचायचा प्रयत्न केला आणि तो सोडून बाकावर येऊन बसले. आतून नवाबाचा आवाज यायचा, लांबलेला, चढलेला. मग परीक्षकांचं मऊ "बरं, बरं, छान." पुन्हा नवाब. पुन्हा "बरं, छान."

"काही कळत नाहीये त्यांना," काकू कुजबुजल्या. "ऐक. पडद्याच्या भावाचं सांगतोय तो, आणि हे म्हणतात छान. छान काय त्यात? तोटा झाला म्हणतोय तो दुकानदाराचा!"

आत खुर्चीच्या दांड्यावर हात आपटल्याचा आवाज आला. आधी एकदा, मग लागोपाठ. मी उठले. काकूंनी माझा दंड धरला. त्यांची नखं रुतत होती.

आणि दार उघडलं. बाहेरचे परीक्षक स्वतः आले होते. चेहरा कसनुसा झालेला. "आपण आई ना? जरा आत येता का? मुलगा फार तळमळीने बोलतोय, पण आम्हाला... म्हणजे, त्याचं नुकसान होऊ नये म्हणून म्हणतो. नियमात बसत नाही, माहीत आहे मला. आपण फक्त सांगा तो काय म्हणतोय ते."

त्यांच्या मागे नवाब दिसत होता. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, तोंडाला फेस. तो आईकडे बघत होता. त्याला ती आत यायला हवी होती. एवढं मलाही वाचता आलं, शब्दांची गरज नव्हती. सकाळी "बाहेर" म्हणणारा पोरगा आता 'ये' म्हणत होता.

काकू दोन पावलं पुढे गेल्या. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. जाऊ दे, निदान पास तरी होईल.

काकू उंबऱ्यावर थांबल्या.

"मला नाही कळत, सर," त्या म्हणाल्या.

"अहो, पण आपण आई..."

"आई आहे. पण मला तरी कुठे कळतं सगळं? मीही परत विचारते. तुम्हीही विचारा." त्या थांबल्या नाहीत. "कळलं नाही तर मान डोलवू नका, सर. तुमच्या पाया पडते, छान छान म्हणू नका. नाही कळलं म्हणा. त्याला नाही राग येत. बाजारातले लोक म्हणतात त्याला, आणि तो सांगतो. दहादा विचारा, दहादा सांगेल."

परीक्षक गोरेमोरे झाले. आतून नवाब किंचाळला. एक मोठं, वेडंवाकडं वाक्य. काकूंना ते नक्की कळलं. त्यांचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला. पण त्यांनी स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं आणि लागलं की नाही ते ढकलून बघितलं.

मग त्या बाकावर येऊन बसल्या. अगदी टेकून. मी त्यांना तशा बसलेल्या पहिल्यांदाच बघत होते.

"काय म्हणाला?" मला राहवलं नाही.

"नको विचारू."

आत कुणीतरी खुर्ची पुढे ओढली. मग परीक्षकांचा आवाज, आता मऊ नव्हता, अवघडलेला होता. "मला समजलं नाही. पुन्हा सांगशील?" नवाब. "नाही. अजून नाही समजलं." नवाब. "तोटा? कुणाचा, दुकानदाराचा?" नवाबाचा होकार इतका जोरात आला की खालच्या मजल्यावरही ऐकू गेला असेल. मग विभागप्रमुखांनी काहीतरी विचारलं, मग नवाबाने त्यांना खोडून काढलं, मग ते दोघं भांडायला लागले. मोबाइलच्या पडद्यांवरून! मी तोंडावर हात दाबून हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काकू हसत नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत ओठांनी त्याचे शब्द म्हणत होत्या, एकेक, आवाज न काढता.

दुप्पट वेळही संपून गेला तेव्हा कुठे दार उघडलं. नवाब बाहेर आला. आईसमोर खुर्ची थांबवली आणि बोलला. मला एकदाच ऐकून कळलं. "खोटारडी. तुला सगळं कळतं."

"हो," काकू म्हणाल्या.

तो तसाच पुढे गेला. लिफ्टपर्यंत, एकटा, कोपऱ्यावर भिंतीला घासत. काकू उठल्या नाहीत.

मागून परीक्षक आले. रुमालाने मान पुसत होते. "गुण मला सांगता येत नाहीत, बाई," ते काकूंना म्हणाले. "पण मुलाची बॅग भरायला घ्या." आणि मग जरा थांबून, "फार भांडतो हो तुमचा मुलगा."

ते गेले. काकूंनी माझा हात हातात घेतला. किती खरबरीत हात तो, सुयांनी बोटांची टोकं दगडासारखी झालेली.

"तिकडची माणसं परत विचारतील ना गं त्याला?"

अनोळखी शहर, अनोळखी माणसं. सभ्य माणसं. मान डोलवणारी. मी म्हटलं, "नाही विचारलं तर तो भांडेल त्यांच्याशी."

"भांडेल," काकू म्हणाल्या. "माझ्याशीसुद्धा भांडला आज." आणि मग त्या बाकावर बसल्या बसल्या, येणाऱ्याजाणाऱ्याची पर्वा न करता, मोठमोठ्याने रडायला लागल्या.